यंदा हिवाळ्यात कुठे?



नवरात्र संपलं, गरब्याने दुखावलेले पाय अजून ठणकतायत, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चणिया-चोळीच्या फोटोंची जागा हॉटेलांच्या फोटोंनी घेतली आहे. दरवर्षी याच सुमाराला हे सुरू होतं. कोणीतरी बर्फातला फोटो टाकतं, कोणीतरी हाउसबोटीचा, मग नणंदबाई पुण्याहून लिहितात, "ठरवा काहीतरी लवकर, मागल्या वर्षीसारखं नको." त्यावर सगळे अंगठे दाखवतात आणि ठरत काहीच नाही.

बडोदेकरांचं हिवाळ्याचं गणित जरा वेगळं असतं. दिवाळीच्या वेकेशनला अख्खं गुजरात बाहेर पडतं, तेव्हा अबू-सापुताऱ्याला पाय ठेवायला जागा नसते. शिवाय आपला फराळ, भाऊबीज, पाहुणे सोडून जाववत नाही. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लग्नं. एकेका रविवारी तीन-तीन पत्रिका, त्यात परदेशातून आलेले नातेवाईक. उत्तरायणाला बडोदं सोडून जाणारा माणूस मला अजून भेटायचाय. चौदा आणि पंधरा जानेवारीला आपण गच्चीवर, हे दगडावर कोरलेलं आहे. राहता राहिला मधला काळ, कमुरत्याचा. १६ डिसेंबरच्या आसपास सुरू होऊन संक्रांतीला संपणारा हा महिना. यात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांत नाही. त्यातच शाळेची नाताळची सुट्टी येते. आमच्या कंपनीत तर क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे २० डिसेंबरनंतर कोड फ्रीझ. म्हणजे चालू सिस्टिमला कोणी हात लावायचा नाही. वर्षातून हे दहा दिवसच असे असतात, की रात्री अकराला फोन वाजत नाही. म्हणजे जायचं तर तेव्हाच. अडचण एवढीच, की हे गणित सगळ्या देशाने मांडलेलं असतं.

आता आमची फौज सांगते. सासूबाई ६७ वर्षांच्या, दोन्ही गुडघे कुरकुरतात. सासरे ७१, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय. चिरंजीव नऊ वर्षांचे, त्यांना प्रत्येक ठिकाणी प्राणी किंवा निदान किल्ला हवा. नवरोबांना चांगली कॉफी मिळाली की झालं. आणि मी. माझं शिक्षण बी. ई., नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे घरात कसलाही निर्णय घ्यायचा झाला की मी एक्सेल उघडते. घरचे हसतात, पण शेवटी त्याच शीटवर येऊन थांबतात.

या शीटमध्ये ठिकाणाच्या नावानंतरचा पहिला रकाना मी हॉटेलच्या भाड्याला दिलेला नाही. त्यात लिहायचं, ‘त्या आठवड्यात तिथे हवा काय करते?’ आपल्याकडे हिवाळा म्हणजे पहाटेचे बारा अंश आणि दुपारचे अठ्ठावीस. स्वेटर सकाळी घालायचा, दहा वाजता काढून स्कूटरच्या डिकीत टाकायचा. आपण मनातल्या मनात हीच थंडी सगळ्या देशावर पसरून टाकतो. पण २५ डिसेंबरला याच देशात एका टोकाला गोठलेलं तळं असतं, एका टोकाला पाऊस, मध्ये दाट धुकं आणि पूर्वेला साडेचारला अंधार.

बर्फापासून सुरुवात करते, कारण आमच्याकडे सगळ्यात मोठी चर्चा त्याचीच झाली. बाबांनी चौतीस वर्षं एका कारखान्यात बॉयलरच्या विभागात काढली. बडोद्याचा मे महिना आणि त्यात बॉयलर! प्लँटचं वार्षिक शटडाउन नेमकं डिसेंबरात असायचं, त्यामुळे हिवाळ्यात रजा कधी मिळालीच नाही. माणूस कधी काही मागत नाही, पण यंदा ग्रुपवर त्यांनी एकच ओळ लिहिली, "एकदा बर्फ पडताना बघायचा आहे." त्यावर अर्धा तास कोणी काहीच लिहिलं नाही.

शीटमध्ये गुलमर्ग आणि मनाली, दोन्ही भरले. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्ला-ए-कलान’, म्हणजे वर्षातली सगळ्यात कडक थंडी. श्रीनगरला रात्री पारा शून्याखाली, गुलमर्ग त्याहून वर, सुमारे २,६५० मीटरवर. बरं, एवढं करून त्या आठवड्यात बर्फ पडेलच असंही नाही. २०२४ च्या जानेवारीत अर्धा महिना उलटला तरी गुलमर्गच्या उतारांवर बर्फ नव्हता, पर्यटक पिवळ्या गवतावर उभे राहून फोटो काढत होते. मनालीची गोष्ट उलटी. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलच्या बाजूचा बर्फ हाताशी आला, त्यामुळे नाताळात सगळी गर्दी त्याच रस्त्यावर लोटते. २०२४ च्या नाताळाच्या तोंडावर सोलंगपासून बोगद्यापर्यंत शेकडो गाड्या बर्फात अडकल्या, लोक तासन् तास गाडीत बसून होते. स्टेंट बसलेल्या माणसाला घेऊन अशा रांगेत अडकायचं, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला.

आम्ही बाबांच्या डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं, ते सरळ नाही म्हणतील आणि निर्णय आपल्या गळ्यातून सुटेल. तसं झालं नाही. त्यांनी शांतपणे समजावलं, की कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो, आणि उंचीवर हवा विरळ असल्याने त्यात भर पडते. डिसेंबरअखेरीला नको. पण मार्चमध्ये, दिवसा, उन्हात, घाईगर्दी न करता, गंडोलाने आणखी वर न जाता दोन-तीन तास बर्फात काढायला हरकत नसावी. त्याआधी तपासण्या करून मग नक्की सांगतो, म्हणाले. गुलमर्गला मार्चमध्येही बर्फ साधारणपणे टिकून असतो, दिवसाचं तापमान शून्याच्या वर असतं आणि नाताळची गर्दी ओसरलेली असते. चिरंजीवांची परीक्षा आणि नवं वर्ष सुरू होणं यांच्या मधल्या आठवड्यात ते बसतं. पडताना दिसेल की नाही सांगता येत नाही, पण पायाखाली तरी असेल.

परतताना गाडीत बाबा काही बोलले नाहीत. कारेलीबागेच्या सिग्नलला म्हणाले, "म्हणजे नाही म्हटलेलं नाही." मी म्हटलं, "नाही बाबा, नाही म्हटलेलं नाही."

सासूबाईंचं काशी. हे दरवर्षीचं. गंगाघाट, दिवे, आरती. पण डिसेंबरअखेर आणि जानेवारी हा उत्तरेच्या सपाट प्रदेशातला धुक्याचा मोसम. पंजाबपासून बिहारपर्यंत सकाळी दहा हात पुढचं दिसत नाही. गाड्या चार-चार, कधी दहा-दहा तास उशिराने धावतात. आग्र्याला जाऊन ताजमहालाऐवजी पांढरा पडदा बघून आलेली मंडळी आपल्या मंडळातही असतील. दिल्लीची तेव्हाची हवा बाबांना चालणार नाही, हा वेगळाच मुद्दा. काशीला जायचं तर दिवाळीनंतर लगेच, नाहीतर फेब्रुवारीच्या मध्यानंतर. आईंना हे पटलं, पण नाराजीने. त्या म्हणाल्या, "दर वर्षी धुकंच असतं तुमचं." त्यांचंही खरंच आहे. म्हणून पुढल्या फेब्रुवारीत काशी, ही नोंद मी शीटमध्ये लाल रंगाने करून ठेवली आहे.

ईशान्य भारत माझा स्वतःचा लाडका. काझीरंगा हिवाळ्यात उघडं असतं, गेंडे दिसतात, चिरंजीव खूश. डावकीला उमंगोट नदीचं पाणी याच दिवसांत सगळ्यात नितळ असतं, होडी काचेवर ठेवल्यासारखी दिसते. मात्र चेरापुंजीचे धबधबे तेव्हा रोडावलेले असतात, हे फोटोत कोणी सांगत नाही. आणि सूर्य! सगळ्या देशाला एकच घड्याळ, त्यामुळे गुवाहाटीला डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. बडोद्यात तो सहाला. आपली सकाळ चहा-नाश्ता होऊन साडेनऊला सुरू होते, त्या हिशोबाने तिथे जेमतेम सात तासांचा दिवस हातात येतो. तिथे पहाटे पाचला उठणारं कुटुंब हवं. आमच्यात असा माणूस एकच, आणि त्याला स्टेंट आहे.

गोवा मी विचारातही घेतला नाही. वर्षअखेरीला गोव्याला जाणाऱ्यांनी माझ्यावर रागावू नये, पण ते दर आणि ती गर्दी बघता तोच गोवा फेब्रुवारीत जास्त प्रेमाने वागतो. कच्छ आम्ही मागे करून आलो. पांढऱ्या रणाला जायचं तर नाताळपेक्षा जानेवारीअखेरची किंवा फेब्रुवारीतली पौर्णिमा बघा. पावसाळा जोरात झाला असेल तर रणातलं पाणी आटून मीठ वर यायला वेळ लागतो, डिसेंबरात कधीकधी चिखलच भेटतो. आणि एवढं लांब गेलातच तर धोलावीरा सोडू नका. खावड्याहून रणाच्या मधून जाणारा रस्ता झाल्यापासून ते धोर्डोच्या सहलीत बसवता येतं. २०२१ मध्ये ते जागतिक वारसायादीत आलं, तरी तिथे अजून शांतता आहे.

आता दक्षिण. इथे आपला एक समज असतो, की दक्षिण म्हणजे हिवाळ्याला हमखास. केरळच्या बाबतीत डिसेंबरच्या उत्तरार्धात ते बऱ्याच अंशी खरं आहे. तमिळनाडूचं तसं नाही. आपला पावसाळा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वारे, आणि वर्षाच्या पावसापैकी जवळजवळ निम्मा तिथे याच तीन महिन्यांत पडतो. २०१५ चा चेन्नईचा पूर डिसेंबरच्या सुरुवातीचा, २०२३ चं मिचाँग चक्रीवादळही तेव्हाचंच. म्हणून दिवाळीत तमिळनाडूला जाणाऱ्यांना मी नको म्हणते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र पाऊस ओसरत आलेला असतो, शेतं हिरवीगार असतात, नद्या-कालव्यांत पाणी असतं आणि ऊन सोसवतं. एखादी सर आली तर छत्री उघडायची.

आणि म्हणून यंदा तंजावर.

यात हवेपलीकडचंही एक कारण आहे, आणि ते बडोद्याचं आहे. रावपुऱ्याचा टॉवर आपण रोज बघतो. तो १८९६ मध्ये उभारला तो महाराणी चिमणाबाईंच्या, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नीच्या, स्मरणार्थ. त्या तंजावरच्या. मोहिते घराण्यातल्या, तिथल्या भोसले राजघराण्याच्या नात्यातल्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. १८८० मध्ये लग्न होऊन बडोद्यात आल्या आणि पाचच वर्षांत, अगदी तरुण वयात गेल्या. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी, वादक असा एक ताफाच आला होता. भरतनाट्यम बडोद्यात पोहोचलं ते असं, लग्नाच्या वरातीतून. त्या ताफ्यातल्या कांतिमती यांचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथले नामवंत नृत्यगुरू झाले. सासूबाई लहानपणी नाच शिकायच्या, पुढे लग्न झालं आणि राहून गेलं. मी हे जेवताना सांगितलं तेव्हा त्यांनी पोळी लाटणं थांबवून विचारलं, "तिथे अजून मराठी बोलतात का गं?"

बोलतात. थोडी वेगळी, तमिळ हेल असलेली, पण मराठीच. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तिथे गादीवर बसले, आणि १८५५ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत भोसल्यांचं राज्य चाललं. त्यातले दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. ग्रंथांचं विलक्षण वेड. तिथलं सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं. तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रं तिथे आहेत. हेच सरफोजीराजे १८२० मध्ये मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेला निघाले, ते १८२२ मध्ये परत आले, येताना हस्तलिखितं घेऊन. आमच्या आठ दिवसांच्या सहलीचं वेळापत्रक बसवताना मला त्यांची फार आठवण येते.

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाचं, १०१० मध्ये पूर्ण झालेलं. ते तर बघायचंच. पण मला त्याच आवारातल्या नैऋत्य बाजूच्या भिंतीकडे जायचंय. तिथे १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास दगडावर कोरून घेतला, चक्क मराठीत, देवनागरीत. एवढा लांब मराठी शिलालेख क्वचितच कुठे असेल. चोळांच्या हजार वर्षांच्या देवळात आपली लिपी बोटाने गिरवत नऊ वर्षांच्या मुलाने वाचायची, हे मला डोळ्यांपुढे दिसतंय. (बोट लावायचं नाही, हेही त्याला आत्तापासून सांगतेय.)

गुडघ्यांचा रकानाही इथे समाधानकारक भरला. आवार सपाट, प्रशस्त. गाभाऱ्याकडे जायला पायऱ्या आहेत, तेवढ्या हळूहळू होतील. देवळात अनवाणी चालायचं असतं आणि ते आवार दगडाचं, एप्रिल-मेमध्ये अक्षरशः तवा. डिसेंबरात सकाळ-संध्याकाळ त्याच फरशीवर आरामात बसता येतं. दुपारी गाभारा बंद असतो, तेव्हा म्हाताऱ्यांनी विश्रांती आणि बाकीच्यांनी राजवाडा, अशी वाटणी करता येते. आपला कमुरता तो त्यांचा मार्गळी महिना. इथे शुभकार्यं बंद, तिथे पहाटे दारोदार मोठमोठी कोलम, म्हणजे रांगोळ्या, आणि देवळांत भल्या पहाटेपासून गजबज. नवरोबांना कुंभकोणमची डिग्री कॉफी दाखवली आणि त्यांचं मत लगेच मिळालं.

प्रवास लांबचा आहे. अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्स्प्रेस बडोद्याला थांबते, सुरत-नंदुरबार-भुसावळ-वर्धा-विजयवाडा करत चेन्नईला पोहोचवते. पुढे गाडी बदलून तंजावर. जाताना रेल्वे आणि येताना त्रिचीहून विमान, असं आम्ही ठरवलं. त्रिचीचा विमानतळ तंजावरपासून साधारण साठ किलोमीटरवर आहे.

तिकिटांचं एक सांगायलाच हवं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २४ डिसेंबरच्या गाडीचं आरक्षण २५ ऑक्टोबरला, सकाळी ८ वाजता. दिवाळीच्या धांदलीत ही तारीख हमखास निसटते, आत्ताच फोनमध्ये गजर लावून ठेवा. दुसरं, ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पुरुषांना ६० वर्षांपासून आणि स्त्रियांना ४५ पासून. पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तरच लागतो. सगळ्या कुटुंबाचं एकत्र तिकीट काढलं की तो हिशोबात घेतला जात नाही. म्हणून आई-बाबांचं तिकीट वेगळं काढायचं. डबा वेगळा आला तर जेवणाचा डबा घेऊन ये-जा करावी लागेल, पण बाबांना वरच्या बर्थवर चढावं लागणार नाही. दक्षिणेकडच्या गाड्यांना या काळात शबरीमलैच्या यात्रेकरूंचीही गर्दी असते, तेव्हा वेटिंग लिस्ट हलेल या आशेवर बसू नका.

यंदा कुठेच जमत नसेल, तर एक रविवार तरी डभोईजवळच्या वढवाणा तलावाला द्या. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९-१० मध्ये, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव. २०२१ पासून तो रामसर यादीत आहे. हिमालयावरून उडत येणारे पट्टकदंब हंस तिथे थंडीभर मुक्काम करतात. मध्य आशियातून सगळा नकाशा ओलांडून त्यांनी सुट्टीसाठी निवडलंय ते आपलं बडोदं. सकाळी सातच्या आत पोहोचा, दुर्बीण घ्या. आणि सुरतेच्या बाजूला गेलात तर पोंक खा, म्हणजे आपला हुरडाच, शेवेबरोबर. वलसाडजवळ हायवेवर मडक्यात भाजलेलं उंबाडियुं मिळतं, अलिबागकडच्या पोपटीचं सख्खं भावंड.

तर आमचं ठरलंय. २५ तारखेला सकाळी पावणेआठपासून मी एका लॅपटॉपवर, नवरोबा दुसऱ्यावर. चिरंजीव सध्या शिलालेखासाठी जुनी अक्षरं ओळखायला शिकतायत, आजी त्यांच्याकडून रोज एक ओळ वाचून घेतात. मार्चचं अजून काहीच ठरलेलं नाही, तपासण्या फेब्रुवारीत आहेत. काल कपाट आवरताना बाबांच्या कप्प्यात एक नवी पिशवी सापडली. आत लोकरीचे हातमोजे होते, लेबल न काढलेले, दोन जोड. दुसरा जोड लहान मुलाच्या मापाचा होता.